गरम तेलात सुटणारं चुंबकी कपलिंग: एका पंपाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका रसायन कारखान्यातल्या पंपाचं आहे. कारखान्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि मोजमापं ढोबळ आकड्यांत दिली आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटमधून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या पोकळ आवरणातून, गरम तेल फिरवणं हे या पंपाचं काम. मोटर ११ किलोवॅटची, मिनिटाला सुमारे २९०० फेऱ्यांची. आधी तिथे मेकॅनिकल सीलचा, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती गळती अडवणारं सील असलेला, पंप होता. सील सारखं गळायचं, गरम तेल ठिबकायचं, म्हणून तो काढून सील नसलेला मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप बसवला. यात मोटरचा शाफ्ट आणि इंपेलरचा (तेल ढकलणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट एकमेकांना जोडलेलेच नसतात. मोटरकडे एक पोकळ कडं, त्याच्या आतल्या अंगाला चुंबकाचे तुकडे. इंपेलरकडे एक रोटर, त्याच्या बाहेरच्या अंगाला तसेच तुकडे. दोघांच्या मध्ये धातूचं पातळ शेल. तेल शेलच्या आत राहतं आणि बाहेरचं कडं आतल्या रोटरला नुसत्या चुंबकी ओढीने फिरवतं.

ही चुंबकी जोडणी, म्हणजे कपलिंग, एका ठरावीक टॉर्कपर्यंतच (फिरवण्याच्या जोरापर्यंतच) धरून ठेवतं. त्यापलीकडे जोर लागला की ते सुटतं: बाहेरचं कडं फिरत राहतं, आतला रोटर थांबतो. एकदा सुटलं की मोटर बंद केल्याशिवाय ते पुन्हा धरत नाही. हा सुटण्याचा टॉर्क नव्या पंपात सामान्य तापमानाला ५६ न्यूटन-मीटर होता. पंपाला चालताना साधारण ३० लागायचे. म्हणजे जवळजवळ दुप्पट जागा हाताशी होती, आणि तेल ९० अंश सेल्सिअसला असेपर्यंत पंपाने एकदाही तक्रार केली नाही.

अडचण

नव्या उत्पादनासाठी तेल १२० अंशांवर न्यायचं ठरलं. तेल, पाइप, गॅस्केट, हीटर सगळं १२० ला चालणारं आहे याची खातरजमा झाली. पंपाच्या कागदांवरही चुंबकाची मर्यादा १२० अंश लिहिली होती, म्हणून तोही बसला. कोणीतरी क्यूरी तापमानाची आठवण काढली: निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकाचं क्यूरी तापमान ३१० अंशांच्या आसपास, आपण तर १२० वर, मग काळजी कसली?

या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू इथेच होता आणि तो कोणाच्या लक्षातही न येता निघून गेला. पियरे क्यूरी यांनी १८९५ मध्ये ज्या तापमानाचा अभ्यास मांडला ते चुंबकत्व पार नाहीसं होण्याचं तापमान आहे. चुंबक कमजोर व्हायला तिथवर जावं लागत नाही. दुसरं म्हणजे १२० अंश हे तेलाचं तापमान होतं, चुंबकाचं नव्हे. शेल धातूचं असल्यामुळे फिरत्या चुंबकी क्षेत्राने त्यात भोवरी प्रवाह (धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण होतात आणि शेल स्वतःच तापतं. ती उष्णता शेलच्या आतून फिरणारं तेल घेऊन जातं, पण त्यासाठी तेल थोडं जास्त गरम व्हावंच लागतं. नंतर सेन्सर लावून पाहिलं तेव्हा तेल १२० असताना आतला रोटर बसतो त्या जागी सुमारे १३५ अंश निघाले.

गरम बॅच सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पहिला प्रकार घडला. डिलिव्हरीचा दाब एकदम पडला, मोटर मात्र चालूच. जादा भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले गप्प, कारण कपलिंग सुटल्यावर मोटरवरचा भार जातो आणि अँपिअर वाढायच्या ऐवजी उतरतात. जॅकेटचं तापमान घसरू लागलं तेव्हा ऑपरेटरचं लक्ष गेलं. त्याने पंप बंद करून पुन्हा सुरू केला, पंप चालला, आणि लॉगबुकात ‘पंप ट्रिप, रीस्टार्ट ओके’ अशी नोंद झाली. पुढे अशा नोंदी वाढत गेल्या आणि दोन नोंदींमधलं अंतर कमी होत गेलं.

त्या नोंदी ओळीने वाचल्या तर रोगाचं निदान त्यातच होतं. केवळ उष्णतेने तात्पुरती घट होत असती तर प्रत्येक वेळी थंड झाल्यावर चुंबक मूळ ताकदीवर आला असता आणि दोन नोंदींमधलं अंतर साधारण सारखं राहिलं असतं. अंतर कमी होतंय याचा अर्थ प्रत्येक वेळी काहीतरी कायमचं जात होतं.

पहिला उपाय: जास्त ताकदीचा चुंबक

देखभाल विभागाने पंप खोलला, बाहेरचं कडं जखडलं आणि आतल्या रोटरच्या शाफ्टला टॉर्क रेंच लावून कपलिंग कधी सुटतं ते पाहिलं. ५६ च्या जागी ३८ न्यूटन-मीटर. चुंबक कमजोर झाला हे सिद्ध झालं, आणि त्यावर सुचायला सोपा तोच उपाय सुचला: याहून ताकदवान चुंबक बसवू. मूळ तुकडे ४२एच प्रतीचे होते. आतल्या रोटरवर त्याच मापाचे एन५२ बसवून घेतले. थंड असताना रेंचवर ६० आले. सगळ्यांना हायसं वाटलं.

पहिल्याच गरम बॅचमध्ये कपलिंग सुटलं. थंड झाल्यावर मोजलं तर २७.

एन५२ मधला ५२ हा आकडा चुंबकात साठणाऱ्या ऊर्जेचा, तोही सामान्य तापमानाला. उष्णतेबद्दल तो काहीच सांगत नाही. ते सांगतं आकड्यानंतरचं अक्षर: अक्षर नसेल तर साधारण ८० अंश, एम म्हणजे १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २००. म्हणजे १२० ची मर्यादा ओलांडल्यामुळे बिघडलेल्या चुंबकाच्या जागी ८० ची मर्यादा असलेला चुंबक आला होता. खोलीत मोजलं की तोच वरचढ दिसतो, म्हणून ही निवड फसवी ठरते. हा सापळा इतक्या ठिकाणी मांडलेला दिसतो की मला तो प्रत्येक वेळी मोठ्याने सांगावासा वाटतो.

चुंबकाला नेमकं काय झालं

चुंबकाच्या दोन गुणांवर उष्णतेचा परिणाम वेगवेगळ्या वेगाने होतो. एक म्हणजे त्याची ओढ, म्हणजे त्यात उरलेलं चुंबकत्व. निओडिमियम चुंबकात ते दर अंशाला ०.१२ टक्क्यांच्या आसपास घटतं. वीस अंशांवरून १३५ वर गेलं की सुमारे १४ टक्के. थंड झाल्यावर ही घट भरून निघते. कपलिंगमध्ये मात्र टॉर्क दोन्ही बाजूंच्या ताकदींच्या गुणाकारावर ठरतो. आतला रोटर १३५ ला, बाहेरचं कडं हवेत असल्यामुळे ७० च्या आसपास, म्हणजे तिथली घट ६ टक्के. दोन्ही धरल्या तर गरम असताना टॉर्क १९ टक्क्यांनी कमी. नव्या पंपाचे ५६ तिथे ४५ होतात. लागतात ३०, म्हणजे एवढ्याने काही अडलं नसतं.

दुसरा गुण म्हणजे उलट दिशेच्या क्षेत्रापुढे टिकून राहण्याची ताकद, कोअर्सिव्हिटी. ती निओडिमियममध्ये दर अंशाला ०.६ टक्क्यांच्या आसपास घसरते, पहिल्या गुणाच्या पाचपट वेगाने. ४२एच मध्ये सामान्य तापमानाला ती मीटरला सुमारे १३५० किलोअँपिअर असते, एन५२ मध्ये ९०० च्या आसपास. १३५ अंशांवर दोन्हीकडे जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. उलट क्षेत्र या उरलेल्या मर्यादेच्या जवळ आलं की चुंबकत्वाच्या आलेखातली रेघ एका वळणावर एकदम खाली कोसळते. त्या वळणाखाली गेलेला चुंबक थंड झाला तरी मूळ जागी परतत नाही.

उलट क्षेत्र आलं कुठून? चुंबकाचं स्वतःचंही थोडं असतं. तुकडा जितका चपटा, तितकं जास्त, आणि कपलिंगचे तुकडे चपटेच असतात. पण खरा घाव बसायचा तो कपलिंग सुटल्यावर. आतला रोटर थांबलेला, बाहेरचं कडं फिरतंय, म्हणजे सेकंदाला कित्येकदा उत्तर ध्रुवासमोर उत्तर ध्रुव येतो. त्याच वेळी इंपेलर थांबल्यामुळे शेल थंड करणारा प्रवाहही थांबलेला, आणि शेलमधले भोवरी प्रवाह मात्र चालूच. चुंबक सर्वांत गरम आणि त्याच्यावरचं उलट क्षेत्र सर्वांत जोरदार, दोन्ही एकाच क्षणी. प्रत्येक ‘रीस्टार्ट ओके’च्या आधी काही मिनिटं हे चाललेलं असायचं.

मूळ ४२एच रोटर अजून स्टोअरमध्ये होता. त्याच्या तुकड्यांवरून गॉसमीटरचा (चुंबकी क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचा) प्रोब पुढून मागे सरकवला तेव्हा गोष्ट स्पष्ट झाली. इंपेलरकडच्या टोकाला रीडिंग बरं, आणि शेलच्या बंद टोकाकडे जाऊ तसं ते उतरत गेलं, सगळ्या ध्रुवांवर सारखंच. थंडाव्याचं तेल या पंपात इंपेलरकडून शिरतं आणि बंद टोकापर्यंत जाता जाता तापतं. चुंबकाची कमजोरी तापमानाच्या पावलावर पाऊल ठेवून गेली होती.

तरी एक शंका उरत होती. कदाचित तेल आत झिरपून चुंबक गंजला असेल. मग दोष उष्णतेचा नव्हे, आवरणाचा. ही शंका मिटवायला तोच रोटर चुंबक बनवणाऱ्याकडे पाठवून कपॅसिटर डिस्चार्ज मॅग्नेटायझरवर पुन्हा चुंबकित करून घेतला. ताकद जवळजवळ पूर्ण परत आली. गंजलेला किंवा आतून रचना बिघडलेला चुंबक असा परत येत नाही. थंड करून मोजणं आणि पुन्हा चुंबकित करून मोजणं या दोन पायऱ्यांनी तात्पुरती घट, भरून काढता येणारी घट आणि कायमचं नुकसान या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता येतात. अशा प्रकरणात ही तपासणी सर्वांत आधी व्हावी असं माझं ठाम मत आहे.

पर्याय

मेकॅनिकल सीलकडे परत जाण्याचा विचार फार टिकला नाही. गळती टाळण्यासाठीच तर हा पंप आणला होता, आणि १२० अंशांचं तेल गळणं ९० च्या तेलापेक्षा जास्त धोक्याचं.

शेल धातूऐवजी सिरॅमिकचं करण्याचा पर्याय आकर्षक होता. झिर्कोनियातून वीज वाहत नाही, त्यामुळे भोवरी प्रवाह नाहीत आणि ती उष्णताही नाही. पण सिरॅमिकला तापमानातला अचानक फरक मानवत नाही, आणि इथे थंड पंपात गरम तेल शिरण्याचे प्रसंग नेहमीचे होते. शेल तडकलं तर सगळं गरम तेल बाहेर. हा पर्याय सोडला तो योग्यच झालं.

राहिले दोन. पहिला, यूएच प्रतीचा निओडिमियम. यात डिस्प्रोसियमसारखी जड दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं घालून कोअर्सिव्हिटी वाढवलेली असते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मासातो सागावा यांनी हा चुंबक घडवला तेव्हा त्याला उष्णता सोसत नाही ही अडचण लगेच समोर आली होती आणि डिस्प्रोसियम हा त्यावरचा उतारा ठरला. बदल्यात ओढ थोडी कमी होते: थंड असताना कपलिंगचा टॉर्क ५३ च्या आसपास, गरम असताना ४३. दुसरा पर्याय सॅमेरियम-कोबाल्ट. त्याची ओढ मुळातच कमी, थंड असताना टॉर्क ४६ च्या आसपास. पण तापमानाने ती दर अंशाला ०.०३ ते ०.०४ टक्केच घटते, म्हणून गरम असताना ४२.

कामाच्या तापमानाला दोघे बरोबरीत आले. मग निवड कशावर करायची?

निर्णय आणि त्यावरचा वाद

उत्पादन प्रमुखांचा आक्षेप सरळ होता. “मूळ चुंबक ५६ चा असून पुरला नाही, आणि तुम्ही ४६ चा घ्या म्हणता. साहेब, हे मला कोणाला समजावता येणार नाही.” देखभाल प्रमुखांचा कल यूएचकडे होता. थंड टॉर्क जास्त, आणि सॅमेरियम-कोबाल्ट ठिसूळ, बसवताना कडा उडतात, ही त्यांची तक्रार रास्त होती.

वाद मिटला तो प्रश्न बदलल्यावर. पंप नीट चालत असताना दोन्ही चुंबक पुरेसे आहेत, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण या पंपाचा चुंबक नीट चालताना बिघडलाच नव्हता, तो बिघडला कपलिंग सुटल्यावर. म्हणून विचारायचं ते असं: प्रवाह थांबलाय, शेल तापत चाललंय, समोरून उलट क्षेत्र येतंय, आणि ऑपरेटर अजून पोहोचायचाय, अशा वेळी कोण टिकेल? चांगल्या सॅमेरियम-कोबाल्टची कोअर्सिव्हिटी सामान्य तापमानाला २००० किलोअँपिअरच्या आसपास असते आणि दर अंशाला पाव टक्क्याहून कमीच घटते. १३५ अंशांवरही तिच्यात जवळपास तेवढी उरते जेवढी ४२एच मध्ये थंड असताना असते. शेल २०० अंशांच्या वर गेलं तर यूएच आपल्या मर्यादेबाहेर पडतो, सॅमेरियम-कोबाल्ट तिथेही मर्यादेत राहतो. त्याचं क्यूरी तापमान ८०० अंशांच्या आसपास आहे.

दोन्ही पर्यायांचा टॉर्क तापमानासमोर मांडून एकाच कागदावर दोन रेघा काढल्या, आणि त्याखाली दोन्हींच्या कोअर्सिव्हिटीच्या दोन रेघा. वरच्या जोडीतल्या रेघा १३५ जवळ एकमेकींना भिडल्या होत्या, खालच्या जोडीत तापमानाबरोबर अंतर वाढत होतं. उत्पादन प्रमुखांनी तो कागद ठेवून घेतला आणि सॅमेरियम-कोबाल्टला होकार दिला.

काय केलं

आतल्या रोटरवर सॅमेरियम-कोबाल्ट. बाहेरचं कडं थंड राहतं, म्हणून तिथे निओडिमियमच, पण एसएच प्रतीचा. आतला रोटर बसवण्यापूर्वी कामाच्या तापमानाहून जास्त गरम करून काही तास ठेवला आणि थंड करून मोजला. पहिल्या तापण्यात चुंबक जी थोडी ताकद सोडतो ती ओव्हनमध्येच सुटलेली बरी. मग पंपातला पहिला आकडाच कायमचा आकडा धरता येतो.

त्याबरोबर संरक्षणही बदललं, आणि माझ्या मते त्याचं मोल चुंबकाइतकंच आहे. मोटरला कमी भार ओळखणारा पॉवर रिले लावला, म्हणजे कपलिंग सुटून भार पडला की मोटर काही सेकंदांत बंद. शेलच्या बंद टोकाला तापमान मोजणारा पीटी-१०० सेन्सर बसवून त्याचा ट्रिप जोडला. डायरेक्ट स्टार्टच्या जागी व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी यंत्रणा, आली, कारण सुरू होतानाच्या झटक्यातही कपलिंग सुटू शकतं. ट्रिप झाल्यावर शेल थंड होईपर्यंत पंप सुरूच होणार नाही अशी अडवणूक पॅनेलमध्ये घातली. प्रत्येक शटडाउनला थंड अवस्थेत रेंचने सुटण्याचा टॉर्क मोजून लिहिण्याची पद्धतही सुरू झाली.

परिणाम

गरम बॅच विनातक्रार चालू लागल्या. त्रास आला तो कोणी अपेक्षा न केलेल्या बाजूने. शटडाउननंतर पंप थंड तेलावर सुरू केला आणि कपलिंग सुटलं. थंड तेल घट्ट असतं, पंपाला टॉर्क जास्त लागतो, आणि आता थंड अवस्थेत हाताशी ५६ ऐवजी ४६ च होते. उत्पादन प्रमुखांचा आक्षेप इथे खरा ठरला, हे मान्य करायलाच हवं. पॉवर रिलेने मोटर लगेच बंद केली. खोलून मोजलं तर टॉर्क जिथल्या तिथे. त्यानंतर पंपाला हीट ट्रेसिंग (बाहेरून ऊब देणारी व्यवस्था) लावलं, आणि तेल ठरावीक तापमानाला येईपर्यंत पंप कमी वेगाने चालेल असा व्हीएफडीचा कार्यक्रम केला.

खरी परीक्षा पुढे झाली. सक्शनचा स्ट्रेनर, म्हणजे पंपात तेल येण्याच्या वाटेवरची गाळणी, चोंदला, १२० अंशांवर चालू असलेल्या पंपाला तेल मिळेना आणि रिलेने मोटर बंद केली. जुन्या कपलिंगचा घात करणारी हीच परिस्थिती. पुढच्या शटडाउनला रेंचवर पुन्हा ४६ आले.

वेगळं काय करता आलं असतं

तेलाचं तापमान वाढवण्याचा निर्णय घेताना चुंबकाचं तापमान मोजायला एक सेन्सर पुरला असता. पंपाची माहिती मागताना ‘कमाल तापमान किती’ एवढंच विचारलं गेलं. विचारायला हवं होतं ते हे: हे तापमान तेलाचं की चुंबकाचं, कपलिंग सुटलेलं असताना ते लागू आहे का, आणि त्या तापमानाला सुटण्याचा टॉर्क किती उरतो. पत्रकावरची १२० ची मर्यादाही विशिष्ट आकाराच्या, उलट क्षेत्र नसलेल्या चुंबकासाठी असते. चपट्या तुकड्याला ती पूर्ण मिळत नाही.

३८ चा आकडा हाती आला तेव्हा चुंबकाची ऑर्डर देण्यापूर्वी तो रोटर गॉसमीटरखाली धरला असता तर बंद टोकाकडची उतरण तेव्हाच दिसली असती आणि एन५२ चा फेरा वाचला असता. आकडा किती पडला यापेक्षा तो कुठे पडला हे जास्त बोलकं होतं.

यूएच निवडला असता तर? पॉवर रिले असताना तोही टिकला असता, अशी शक्यता मी नाकारत नाही, आणि थंड तेलाचा त्रास बहुधा झालाच नसता. पण मग चुंबकाचा बचाव पूर्णपणे एका रिलेवर राहिला असता. १२० अंशांचं तेल वाहणाऱ्या पंपात मला ते पटत नाही.

पुन्हा चुंबकित केलेला जुना ४२एच रोटर फेकला नाही. तो ६० अंशांवर चालणाऱ्या त्याच बनावटीच्या दुसऱ्या पंपाचा सुटा भाग म्हणून ठेवला आहे. त्याच्या टॅगवर ‘आतल्या चुंबकाचं तापमान १०० च्या वर नको’ असं लिहिलंय, आणि शेजारी थंड अवस्थेतला टॉर्क.